ढग पांढराशुभ्र, पण पाऊस नाही : इन्फ्रारेड चित्र नेमकं काय मोजतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही कोथरूडला राहता आणि पावसाळ्यात इन्सॅट या भारतीय हवामान-उपग्रहाचं इन्फ्रारेड चित्र मोबाइलवर बघून बाहेर पडता. जुलैत एका दुपारी पुण्यावर पांढराशुभ्र ढग दिसत होता आणि प्रत्यक्षात थेंबही पडला नाही. त्याच दिवशी ताम्हिणीत पाऊस झोडपत होता आणि चित्रात मात्र तिथे फिकट करड्या रंगापलीकडे काही नव्हतं. म्हणून तुम्ही विचारता की ज्या मापनाला पुण्याचा पाऊस कळत नाही, त्याच्याच जोरावर पृथ्वी तापतेय असं कसं सांगता येतं? शिवाय तुमच्या मुलीला कॉलेजच्या प्रकल्पासाठी पुण्याच्या तापमानाचे उपग्रह-नकाशे वापरायचे आहेत, ते चालतील का?

मी पुण्यातच ही चित्रं वाचण्याचं काम बरीच वर्षं करत आलेय आणि तुमची शंका मला अगदी रास्त वाटते. प्रश्न तीन दिसतात, पण मुद्दा एकच आहे. उपग्रहाने मोजलेली गोष्ट आणि आपल्याला हवी असलेली गोष्ट यांच्यात अंतर किती? पावसाच्या बाबतीत ते फार मोठं आहे, जमिनीच्या तापमानाच्या बाबतीत मधलं, आणि पृथ्वीच्या उष्णतेच्या जमाखर्चाच्या बाबतीत सगळ्यांत कमी. म्हणजे तुमच्या गच्चीवरच्या पावसाबद्दल जे मापन भरवशाचं नाही, तेच हवामानबदलासाठी कितीतरी जास्त भरवशाचं असू शकतं.

आधी मोजतात काय ते बघू. इन्सॅट-३डीआर हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ७४ अंश पूर्व रेखांशावर ठेवला आहे. म्हणजे जवळपास पुण्याच्याच रेखांशावर. तुम्ही बघता ते चित्र बहुधा १०.३ ते ११.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) या तरंगलांबीच्या पट्ट्यातलं असतं. या तरंगलांबीला स्वच्छ हवा बऱ्यापैकी पारदर्शक असते, त्यामुळे जमिनीतून, समुद्रातून किंवा ढगातून निघालेली उष्णतेची प्रारणं वरपर्यंत पोचतात. उपकरण फक्त ही प्रारणं मोजतं. अधूनमधून ते स्वतःजवळच्या ज्ञात तापमानाच्या काळ्या पृष्ठभागाकडे आणि रिकाम्या अवकाशाकडे बघून आपली पट्टी तपासून घेतं. मग वस्तू जितकी गरम तितकं तिचं प्रारण जास्त, हे गणित मांडणाऱ्या प्लांकच्या नियमाने प्रारणावरून तापमान काढतात. चित्रात थंड ते पांढरं आणि गरम ते काळं हा निव्वळ संकेत आहे, ढग आपल्या डोळ्यांना ढगासारखे दिसावेत म्हणून ठरवलेला.

आता कळीची गोष्ट. दाट ढग ११ मायक्रॉनला पूर्ण अपारदर्शक असतो. उपग्रहाला दिसतो तो ढगाचा माथा, तोही अगदी वरचा थर. पावसाळ्यात लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या गॅलरीतून खाली पाहिलं तर छत्र्या दिसतात, छत्रीखाली कोण आणि कसं चाललंय ते दिसत नाही. इथे तसंच आहे. माथा किती थंड यावरून तो किती उंच ते कळतं. पाऊस पडतोय का, हा त्यावरून केलेला अंदाज आहे.

तुम्ही पाहिलेला पांढराशुभ्र ढग बहुधा पुण्याचा नव्हताच. जून ते सप्टेंबर आपल्याकडे खालचे वारे पश्चिमेचे असतात, पण १४ ते १६ किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे जोरदार झोतवारा वाहतो. विदर्भात, तेलंगणात किंवा बंगालच्या उपसागरावर वादळी ढग उभे राहिले की त्यांचे माथे या उंचीला पोचतात, आणि झोतवारा त्या माथ्यातले हिमकण पश्चिमेला ओढून नेतो. हा पसरलेला थर आम्ही ॲन्व्हिल म्हणून ओळखतो. त्याचं तापमान उणे ६० अंशांच्या खाली असू शकतं, चित्रात तो लखलखीत पांढरा दिसतो, आणि त्याच्या खाली कित्येक किलोमीटर ढगच नसतो. त्यातून पडणारे हिमकण वाटेतच विरून जातात. त्यात पुणे पर्जन्यछायेत. घाट ओलांडून आलेली हवा खाली उतरताना कोरडी होते, म्हणजे खालूनही मदत नाही. तुमच्या कोथरूडवर उणे ६० अंशांचा ढग आणि खाली कोरडा रस्ता, ही पुण्याची जुलैतली नेहमीची अवस्था आहे.

ताम्हिणीचं बरोबर उलट. अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा घाटाच्या भिंतीला धडकून वर चढते. तिथे तयार होणारे ढग बरेचदा बुटके असतात, त्यांचे माथे चार ते सहा किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात शून्य अंशाची पातळीच आपल्याकडे पाच-साडेपाच किलोमीटरवर असते. म्हणजे या ढगांत बर्फाचा वाटा थोडा, कित्येकदा नसतोच. पाण्याचेच थेंब एकमेकांवर आदळून मोठे होतात आणि पडतात. माथ्याचं तापमान शून्याच्या आगेमागे. इन्फ्रारेड चित्रात हे फिकट करडं दिसतं, एखाद्या निरुपद्रवी ढगासारखं. पण समुद्रावरून बाष्पाचा पुरवठा तुटत नाही, त्यामुळे पाऊस तासन् तास चालतो. शिवाजीनगरला वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस आणि महाबळेश्वरला पाच हजारांहून जास्त, ही सगळी कमाई मुख्यत्वे अशा ढगांची. पाषाणच्या आयआयटीएमने, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा सुरू केली ती उगीच नाही. हे ढग ढगात बसूनच मोजावे लागतात.

या दोन उदाहरणांतून इन्फ्रारेडवरून पाऊस काढायच्या पद्धतींची मर्यादा समजते. सगळ्यांत साधी आणि गाजलेली पद्धत अशी, की माथा २३५ केल्विनपेक्षा, म्हणजे उणे ३८ अंशांपेक्षा थंड असेल तर तिथे तासाला ३ मिलिमीटर पाऊस धरायचा. ऐकायला ओबडधोबड वाटते, पण अडीच अंशांच्या चौकोनात आणि महिनाभराच्या सरासरीत, उष्णकटिबंधातल्या समुद्रांवर ती चांगली चालते. अडीच अंश म्हणजे पुणे ते सोलापूर एवढी बाजू. एवढ्या पसाऱ्यात कोरडे ॲन्व्हिल आणि खरे पावसाळी ढग यांचं एक ठरावीक प्रमाण पडतं, चुका एकमेकींत जिरतात. पण हीच पद्धत एका दुपारी ताम्हिणीला लावली तर ती शून्य पाऊस सांगेल. नंतरच्या पद्धती बऱ्याच सुधारल्या. त्यांत हवेतला ओलावा, डोंगराचा चढ, वाऱ्याची दिशा हे सगळं धरतात, मायक्रोवेव्ह उपग्रहांचं मापन मिसळतात. २०१४ पासून चालणारी जीपीएम ही पाऊस मोजणाऱ्या उपग्रहांची आंतरराष्ट्रीय मोहीम त्यातलीच. तरी घाटातला बुटका ढग सगळ्यांनाच जड जातो. खाली समुद्र नसून जमीन असली की मायक्रोवेव्हसुद्धा पाऊस ओळखायला बऱ्याच अंशी बर्फाच्या खुणेवर विसंबून असतं, आणि इथे बर्फच कमी.

मग हे चित्र टाकाऊ का? अजिबात नाही. ते कधी वापरायचं ते ठरवावं लागतं.

एप्रिल-मे महिन्यांत आणि परतीच्या पावसात पुण्याला इन्फ्रारेड फार उपयोगी पडतं, कारण तेव्हाचा पाऊस उंच वादळी ढगांचा असतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलेला पूर ज्यांनी पाहिला त्यांना या पावसाचा जोर वेगळा सांगायला नको. वळवाच्या दिवशी मी चित्रातल्या रंगापेक्षा रंग किती झपाट्याने बदलतोय ते बघते. समजा सासवडच्या बाजूला दुपारी तीन वाजता एका ठिपक्याचं तापमान ५ अंश आहे, सव्वातीनला उणे ६, साडेतीनला उणे २०. पंधरा मिनिटांत आठ अंशांहून जास्त घसरण म्हणजे माथा जोमाने वर चढतोय, ढगात जबर उचल आहे. या वेळी चित्रात तो डाग अगदी लहान आणि करडाच असतो, कुणाच्या नजरेत भरणार नाही असा. तरीही खरा इशारा तोच असतो. तासा-दीड तासाने तोच ढग उणे ७० अंशांचा मोठा पांढरा गोळा होतो, तेव्हा सगळे घाबरून फोन करतात. त्यानंतर डाग पसरत राहतो, पण त्याचं तापमान हळूहळू वाढायला लागतं. डाग मोठा होतोय आणि गरमही होतोय, म्हणजे वादळाचा दम संपत आला. म्हणून एकच चित्र बघून काही ठरवू नका, निदान मागच्या दोन-तीन तासांची चित्रं ओळीने बघा. वेधशाळेच्या ‘रॅपिड’ या साधनात एकेका ठिपक्याचं तापमान वाचता येतं. रंग बघण्यापेक्षा आकडे बघायची सवय लावून घ्या.

आणखी एक बारीक गोष्ट, जी पुण्यासारख्या शहरात महत्त्वाची ठरते. उपग्रह आपल्या दक्षिणेला आहे, तो आपल्याकडे तिरका बघतो. त्यामुळे उंच ढगाचा माथा नकाशावर खऱ्या जागेच्या उत्तरेला सरकलेला दिसतो. १५ किलोमीटर उंच माथ्यासाठी ही सरक पुण्यात साधारण ६ किलोमीटर येते. कात्रजवरचा ढग चित्रात स्वारगेटच्या आसपास. त्यात इन्फ्रारेडचा एक ठिपकाच ४ किलोमीटरचा. तेव्हा ‘माझ्या गल्लीत पडणार का’ याचं उत्तर या चित्रातून मागू नका. ‘शहराच्या दक्षिण भागाला पुढच्या तासात धोका आहे का’ याचं मागा, ते मिळतं.

जुलै-ऑगस्टमध्ये घाटासाठी मी इन्फ्रारेडवर विसंबत नाही. तेव्हा ते मोठं चित्र बघायला वापरते. अरबी समुद्रावर ढगांचे पट्टे कुठे आहेत, उपसागरावरचा कमी दाबाचा पट्टा कुठे सरकतोय, एवढ्यापुरतं. बाष्पाच्या पट्ट्यातलं, म्हणजे ६.५ ते ७.१ मायक्रॉनचं चित्र त्याच्या जोडीला. पण तेही मधल्या आणि वरच्या थरातलं बाष्प दाखवतं, घाट चढणारी ओली हवा त्याच्या बरीच खाली असते. प्रत्यक्ष पावसासाठी पर्जन्यमापक, रडार आणि धरणांवरचे आकडे. टेमघर, पानशेत, वरसगावला काय पडतंय त्यावर मुठेचं पाणी ठरतं. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं, ते शहरातल्या पावसाइतकंच घाटातल्या पावसाचं आणि खडकवासल्याच्या विसर्गाचं होतं. सिंहगड रस्त्यावर नदीकाठी राहणाऱ्यांनी पुण्यावरचे ढग बघण्यापेक्षा हे आकडे बघावेत, हे मी कळकळीने सांगते.

आता तुमचा मोठा प्रश्न. पाऊस काढताना आपण प्रारणावरून तापमान, तापमानावरून उंची आणि उंचीवरून पाऊस अशा उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीत चूक वाढते. हवामानबदलात मूळ प्रश्नच प्रारणाचा आहे. सूर्याकडून किती ऊर्जा आली आणि पृथ्वीने अवकाशात किती परत टाकली? काही सूर्यप्रकाश तसाच परावर्तित होतो, पण शोषलेली ऊर्जा परत टाकायचा पृथ्वीजवळ एकच मार्ग, तो म्हणजे इन्फ्रारेड. जगाची सरासरी काढली तर या मार्गाने दर चौरस मीटरमागे सुमारे २४० वॉट बाहेर जातात. उपग्रह इथे जे मोजतो तेच आपल्याला हवं असतं, मधल्या बऱ्याच उड्या वाचतात.

या मापनाचा एक उपयोग तुम्ही दर वर्षी बातम्यांत नकळत ऐकता. केरळात मॉन्सून आला असं जाहीर करताना वेधशाळा पाऊस आणि वाऱ्याबरोबर बाहेर जाणारं हे प्रारणही बघते. ५ ते १० अंश उत्तर आणि ७० ते ७५ अंश पूर्व या चौकोनात ते दर चौरस मीटरला २०० वॉटच्या खाली यावं लागतं. उंच थंड माथ्यांनी समुद्र झाकला की ते घसरतं. इथेही कोणी एका गावाचा पाऊस विचारत नाही, मोठ्या क्षेत्राची अवस्था विचारतात, म्हणून ते चालतं.

याहून भक्कम पुरावा वर्णपटात आहे. इन्सॅटचा कॅमेरा चार-पाच रुंद पट्टे बघतो, पण २००२ मध्ये सोडलेल्या ॲक्वा उपग्रहावरच्या एअर्स या उपकरणाने इन्फ्रारेडचे २३७८ बारीक पट्टे वेगळे केले. कार्बन डायऑक्साइड १५ मायक्रॉनच्या आसपास प्रारण शोषतो, मिथेन पावणेआठच्या आसपास, ओझोन ९.६ ला. प्रत्येक वायूची जागा ठरलेली. १९७० मध्ये निंबस-४ या उपग्रहाने पृथ्वीच्या प्रारणाचा वर्णपट घेतला होता. १९९६-९७ मध्ये जपानच्या एडिऑस उपग्रहाने पुन्हा घेतला. २००१ मध्ये दोहोंची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनच्या जागी बाहेर जाणारं प्रारण कमी झालेलं दिसलं. कोणता वायू उष्णता अडवतोय याची इतकी थेट खूण दुसऱ्या कुठल्या मापनातून मिळणं अवघड. मला स्वतःला हवामानबदलाबद्दलचा सगळ्यांत विलक्षण आलेख तोच वाटतो.

पण इथे अडचणी नाहीत असं नाही, त्या वेगळ्या आहेत. पृथ्वी दशकाला साधारण ०.२ अंशांनी तापतेय. एवढा बारीक कल पकडायचा तर उपकरणातली सरक त्याच्या कितीतरी आत हवी. एक उपग्रह पाच-दहा वर्षं चालतो, मग दुसरा येतो. दोघं काही काळ एकत्र चालले नाहीत तर त्यांच्या नोंदी जोडताना शिवण चुकू शकते, आणि ती चूक हवामानातला बदल म्हणून वाचली जाऊ शकते. ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह जुने झाले की त्यांची पुण्यावरून जायची वेळ सरकते. दुपारी दीडला येणारा तीनला यायला लागला तर तापमान बदललेलं दिसेल, जरी खाली काहीच बदललं नसलं तरी. म्हणून २००५ पासून वेगवेगळ्या देशांच्या उपग्रहांचं मापन ठरलेल्या उत्तम उपकरणांशी ताडून बघायची आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. कोणी दहा-पंधरा वर्षांची उपग्रह-मालिका दाखवून कल सांगितला, तर मी आधी विचारते : उपग्रह किती, जोडले कसे, वेळ सरकली का? याची उत्तरं असली तर मी तो कल मानते.

इथवरचा सारांश असा. क्षेत्र मोठं, काळ मोठा आणि प्रश्न प्रारणाच्या जवळचा, तर इन्फ्रारेड भक्कम. क्षेत्र लहान, क्षण एक आणि प्रश्न पावसाचा, तर जोडीला दुसरं मापन हवंच.

मुलीचा प्रकल्प या दोन्हींच्या मध्ये बसतो, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. नकाशे वापरता येतील, पण तिने पहिल्याच पानावर लिहावं की हे जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान आहे, हवेचं नाही. वेधशाळेचा तापमापक सावलीत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरच्या हवेचं तापमान सांगतो. एप्रिलच्या दुपारी हवा ४० अंश असताना बरड जमिनीचा पृष्ठभाग ५० च्या पुढे जातो. ‘पुण्यात ५२ अंश’ अशी आकर्षक वाक्यं यातूनच तयार होतात, ती टाळावीत.

दुसरं, तिला एक चकित करणारी गोष्ट दिसेल, त्याने गोंधळून जाऊ नये. उन्हाळ्यात दुपारच्या नकाशात पुणे शहर आजूबाजूच्या माळांपेक्षा थंड दिसू शकतं. आपल्याकडच्या अनेक शहरांत हे आढळतं. पीक निघालेली कोरडी, उघडी जमीन झपाट्याने तापते, तर शहरात झाडं आणि इमारतींच्या सावल्या असतात. याचा अर्थ शहर उष्णता साठवत नाही असा नाही. ती रात्री दिसते, जेव्हा माळ भराभर निवतो आणि सिमेंट निवत नाही. म्हणून तिने रात्रीचे नकाशे घ्यावेत. ॲक्वा उपग्रहावरच्या मोडिस या उपकरणाचे रात्री दीडच्या सुमाराचे १ किलोमीटरचे नकाशे फुकट मिळतात. डिसेंबर ते मार्च हे महिने उत्तम, कारण आकाश निरभ्र असतं. ढग असला की उपग्रहाला जमीन दिसतच नाही, जून ते सप्टेंबरच्या नोंदी तुटपुंज्या मिळतील आणि त्यांची सरासरी फक्त उघडिपीच्या दिवसांची असेल. झाडीचे पाषाण आणि एनडीए (लष्करी प्रबोधिनी) परिसर एका बाजूला, दाट बांधकामाचे मगरपट्टा आणि चिंचवड दुसऱ्या बाजूला, अशी तुलना करावी. हिवाळ्यातलं किमान तापमान या ठिकाणी काही अंशांनी वेगळं असतं हे वेधशाळेच्या नोंदींतही दिसतं, त्यामुळे उपग्रहाचं म्हणणं जमिनीवरच्या मापनाशी ताडून बघता येईल. माझ्या मते प्रकल्पाचं खरं काम तेच आहे.

भोसरी-चाकणच्या चकचकीत पत्र्याच्या शेडवर फार विसंबू नये. धातूचा पत्रा इन्फ्रारेड कमी सोडतो, त्यामुळे तो आहे त्यापेक्षा थंड नोंदला जातो. आणि नोंदी २००२ पासून घेतल्या तरी कल काढताना २०२१ पर्यंतच थांबावं. त्यानंतर इंधन वाचवण्यासाठी ॲक्वाची कक्षा सावरणं थांबवलं, त्यामुळे त्याची पुण्यावरून जायची वेळ दर वर्षी पुढे सरकतेय. नंतरची वर्षं तिने वेगळ्या तक्त्यात, पुण्यावरून जाण्याची वेळ शेजारी लिहून द्यावीत.